मोटरसायकलला कारचा टायर : अनुभवाने नेमकं काय सिद्ध होतं?

आपलं ज्ञान कशाच्या आधारावर उभं असतं, या प्रश्नाभोवती आपली ही व्याख्यानं चालू आहेत. आजचा विषय आहे अनुमान. अनुमान म्हटलं की आपल्याकडे पर्वत, धूर आणि अग्नी हे उदाहरण ठरलेलं असतं. ते चांगलंच आहे, हजारभर वर्षं टिकलंय. पण त्याची अडचण अशी, की पर्वतावर अग्नी असला काय आणि नसला काय, सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी कुणाचंच काही बिघडत नाही. म्हणून आज आपण असं उदाहरण घेऊ, ज्यात अनुमान चुकलं तर माणूस रस्त्यावर पडतो.

उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे मोठ्या मोटरसायकली घेऊन लांबलांबचा प्रवास करणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. होंडाची गोल्डविंग ही त्यांची आवडती गाडी. २००१ साली आलेल्या मॉडेलला सहा सिलिंडरचं १८३२ सीसीचं इंजिन आहे, वजन चारशे किलोच्या आसपास, मागे आरामखुर्चीसारखी सीट. यातले काही जण मोटरसायकलच्या मागच्या चाकाला चक्क कारचा टायर बसवतात. पुढचा टायर मोटरसायकलचाच ठेवतात, फक्त मागचा बदलतात. या प्रकाराला त्यांनी गमतीने ‘डार्कसाइड’ असं नाव दिलंय. ‘स्टार वॉर्स’ सिनेमात काळ्या बाजूला जाऊन मिळणं असतं ना, त्यावरून. म्हणजे आपण नियमाबाहेर चाललोय हे त्यांनाही ठाऊक आहे.

टायर बनवणारे आणि गाडी बनवणारे सांगतात, असं करू नका. करणारे सांगतात, आम्ही वर्षानुवर्षं करतोय, काही होत नाही. हे ‘काही होत नाही’ आज आपल्याला तपासायचं आहे. त्यासाठी आधी वस्तू समजून घ्यावी लागेल. वस्तू न बघता नुसतं तर्कशास्त्र लावलं की आपण वकील होतो, तत्त्वज्ञ होत नाही.

पहिला प्रश्न, लोक हे करतातच का? साधं कारण पैसा आणि वेळ. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिस रस्त्याने साधारण साडेचार हजार किलोमीटर आहे. जाऊन-येऊन नऊ हजार. अशा दोन-तीन सफरी झाल्या की मोटरसायकलचा मागचा टायर गोटा होतो. वजनदार गाडी, सगळी ताकद मागच्या चाकावर आणि रबर मऊ. नवा टायर महाग, शिवाय तो बसवायला अवजड गाडीचं मागचं चाक काढायचं. कारचा टायर स्वस्त, कुठल्याही गावात मिळणारा, आणि वापरणारे सांगतात की दुप्पट-तिप्पट चालणारा. मोह पडणारच.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. आकडे जुळतात. त्या गोल्डविंगचा मागचा टायर १८०/६० आर १६ या मापाचा. म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, आणि रिम १६ इंची. डार्कसाइडवाले बऱ्याचदा १९५/५५ आर १६ हा कारचा टायर घेतात. आता हिशोब करून बघा. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. पहिल्या टायरची बाजू १०८, ती दोन्हीकडून मिळवली की व्यास होतो ६२२. दुसऱ्याची बाजू १०७, व्यास ६२१. एका मिलिमीटरचा फरक! रुंदी पंधरा मिलिमीटरनेच जास्त. आणि वजन पेलायची क्षमता? मोटरसायकलच्या टायरचा लोड इंडेक्स ७४, म्हणजे ३७५ किलो. कारच्या त्या मापाच्या टायरचा नेहमी मिळणारा लोड इंडेक्स ८७, म्हणजे ५४५ किलो. माणूस म्हणतो, बसतोय, उंची तीच आहे, ताकद जास्त आहे, पैसे कमी आहेत. मग घोडं अडलं कुठे?

घोडं अडलंय ते या आकड्यांमध्ये न दिसणाऱ्या गोष्टीत, म्हणजे टायरच्या छेदाच्या आकारात. टायर आडवा कापला तर कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणा. कारचा टायर खाली चपटा असतो, परातीच्या बुडासारखा. मोटरसायकलचा टायर गोलसर असतो, घागरीच्या बुडासारखा. हा फरक शोभेसाठी नाही. दोन्ही वाहनं वळतातच वेगवेगळ्या रीतीने.

कार वळताना जवळपास उभीच राहते. पुढची चाकं वळतात, रबर थोडं पिळवटतं आणि त्या पिळातून गाडीला बाजूचा रेटा मिळतो. मोटरसायकल वळते ती कलून. चालवणाऱ्यांना हे अंगाने माहीत असतं, तोंडाने सांगता येत नाही. उजवीकडे वळायचं तर वेगात असताना उजवं हँडल किंचित पुढे ढकललं जातं, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. किती कलायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं असेल तर साधारण ३० अंश कलावं लागतं. घड्याळात बारावर असलेला काटा एकवर येतो, तेवढं. ही काही शर्यत नव्हे, घाटातलं नेहमीचं वळण झालं.

आता गोल बुडाची घागर ३० अंशांनी कलवली तरी तिचा टेकण्याचा भाग सुरुवातीला होता तसाच राहतो, फक्त जागा सरकते. मोटरसायकलच्या टायरचं तसंच. काही कंपन्या तर टायरच्या मधोमध कडक रबर घालतात, म्हणजे सरळ रस्त्यावर झीज कमी. आणि कडांना मऊ रबर, म्हणजे वळणावर पकड जास्त. चपट्या बुडाची परात कलवलीत तर ती कडेवर उभी राहते. कारचा टायरही कडेवर जायला बघतो. मात्र इथे डार्कसाइडवाल्यांवर अन्याय करायला नको. टायर म्हणजे पितळेची परात नव्हे, तो रबराचा आहे, त्याच्या बाजू दबतात. म्हणून प्रत्यक्षात तो पूर्णपणे कडेवर जात नाही. हवेचा दाब आणि बाजूंचा ताठपणा यांवर अवलंबून बऱ्यापैकी रबर रस्त्याला चिकटून राहतं. ‘कारचा टायर लावलेली मोटरसायकल वळूच शकत नाही’ असं म्हणणारे लोक चुकतात. ती वळते. फूटपेग रस्त्याला घासेपर्यंत कलवणारे लोक आहेत.

पण वळताना काय बदलतं ते बघा. चपटा टायर कलला की रस्त्याचा वर येणारा रेटा टायरच्या आतल्या कडेजवळून येतो, आणि तो गाडीला पुन्हा उभी करायला बघतो. गोल टायरवर कलवलेली गाडी कलली की बहुतेक कललेलीच राहते. चपट्यावर ती कलती ठेवायला वळण संपेपर्यंत हँडलवर दाब धरून ठेवावा लागतो. रस्त्याला एका बाजूला उतार असेल किंवा अवजड वाहनांमुळे चाकोऱ्या पडलेल्या असतील, तर चपटा टायर त्या उताराच्या, त्या चाकोरीच्या मागे जायला लागतो. वापरणारे म्हणतात, पहिले काही दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. सवय होते हे खरंच आहे. सवयीबद्दल आपण पुढे बोलू.

आणखी एक गोष्ट रिमची. टायरची आतली कड, जिला बीड म्हणतात, ती रिमवर घट्ट बसलेली असते. ट्यूबलेस टायरमधली हवा तर त्या बसण्यावरच टिकून असते. मोटरसायकलची रिम आणि कारची रिम दोन्ही ‘१६ इंची’ असल्या तरी बीड जिथे बसते तिथली घडण दोन्हीकडे वेगळ्या मानकांप्रमाणे केलेली असते. टायरवरचं माप ही गोष्ट सांगत नाही. बसवताना बीड हट्टीपणा करते म्हणून जास्त हवा मारली जाते, आणि हे काम टायरच्या दुकानात सगळ्यांत घातक. बीड तुटली तर समोर उभ्या माणसाचा हात जाऊ शकतो. तो माणूस गोल्डविंगचा मालक असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो दुकानातला कामगार असतो.

वस्तू समजली. आता युक्तिवादाकडे येऊ.

डार्कसाइडवाल्यांचा युक्तिवाद असा : ‘मी इतके हजार मैल चालवली. माझ्यासारखे अनेकांनी चालवली. काही झालं नाही. म्हणून हे सुरक्षित आहे.’ न्यायशास्त्रात याला नाव आहे, भूयोदर्शन. म्हणजे पुन्हा पुन्हा बघणं. धूर आणि अग्नी शंभर वेळा एकत्र बघितले, म्हणून त्यांचा नित्य संबंध, म्हणजे व्याप्ती, कळली, असा एक मतप्रवाह होता. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेश उपाध्याय होऊन गेले, ‘तत्त्वचिंतामणि’चे कर्ते. त्यांनी या मताला हरकत घेतली, आणि त्यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. जे जे पार्थिव आहे, म्हणजे मातीपासून झालेलं आहे, त्यावर लोखंडाने ओरखडा उठतो. लाकडावर उठतो, विटेवर उठतो, शेकडो वस्तूंवर उठतो. आणि मग हिरा येतो. तोही पार्थिवच मानलेला, पण त्याच्यावर लोखंड चालत नाही. शेकडो वेळा बघितलेलं एका हिऱ्यापुढे संपलं.

म्हणजे किती वेळा बघितलं हा आकडा मोठा असून भागत नाही. मग काय बघायचं? नैयायिक म्हणतात, उपाधी शोधा. उपाधी म्हणजे आपल्या लक्षात न आलेली अट. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग एरवी अग्नीबरोबर धूर का दिसतो? कारण सरपण ओलं असतं. ओलं सरपण ही इथली उपाधी. जो माणूस जन्मभर ओल्याच लाकडांची चूल बघत आलाय, त्याला ही अट दिसत नाही, कारण ती त्याच्या प्रत्येक उदाहरणात हजर आहे.

आता हेच आपल्या टायरला लावा. त्या हजारो मैलांमध्ये प्रत्येक वेळी हजर असलेलं ओलं सरपण कोणतं? अमेरिकेतला आंतरराज्य महामार्ग, सरळ आणि रुंद. लांब, वजनदार, स्थिर गाडी. वय झालेला, अनुभवी, जपून चालवणारा स्वार. त्याने स्वतः निवडलेला हवेचा दाब. या सगळ्या अटी असताना कारचा टायर चांगला चालतो, एवढं त्या अनुभवाने दाखवलं. हे कमी नाही, त्याला आपण नक्की मान देऊ. पण वाक्य तेवढंच आहे. समोर अचानक कुत्रं आलं, ओल्या रस्त्यावर वळणाच्या मध्येच ब्रेक दाबावा लागला, किंवा डावीकडे कललेली गाडी अर्ध्या सेकंदात उजवीकडे टाकावी लागली, तर काय होईल? ते हजारो मैल याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाहीत, कारण त्या मैलांमध्ये असे प्रसंग मोजून दोन-चार मीटरांचे असतात.

आणि टायरची परीक्षा नेमकी त्याच दोन-चार मीटरांत असते. बाकीचे मैल परीक्षेच्या हॉलकडे जाण्याचा रस्ता आहे. कितीही लांबून चालत आलं तरी पेपर सोडवला असं होत नाही.

सवयीचं म्हणत होतो ते इथे येतं. चपट्या टायरवर हँडलला सतत दाब द्यायची सवय होते हे खरं. पण सवय रोजच्या प्रसंगाची होते. जो प्रसंग वर्षांतून एकदा येतो त्याची सवय होत नाही. त्या क्षणी शरीर जुनं, मुरलेलं उत्तर देतं, आणि ते उत्तर ज्या गाडीवर शिकलेलं असतं ती गाडी बहुधा गोल टायरची होती.

अजून एक खोट या अनुभवात आहे. बोलणारे कोण उरतात? ज्यांना कारचा टायर आवडला ते पुढे चालू ठेवतात, दुसऱ्यांना सांगतात, फोटो दाखवतात. ज्यांना शंभर मैलांत भीती वाटली ते टायर काढून टाकतात आणि गप्प बसतात. म्हणजे आपल्या कानावर येणारी गर्दी ही आधीच गाळून आलेली गर्दी आहे. एकूण किती जणांनी लावला, किती जणांनी काढला, किती जण पडले आणि पडले त्यात टायरचा वाटा किती, ही मोजणी हाताशी नसेल तर ‘एवढे लोक चालवतायत’ या वाक्याला अर्ध्या पावतीइतकीच किंमत.

आता दुसरी बाजूही तेवढ्याच कठोरपणे तपासू, नाहीतर आपला न्याय एकांगी होईल.

कंपन्या म्हणतात, करू नका. हे शब्दप्रमाण झालं. जाणकाराच्या शब्दावर विश्वास. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी आप्त कुणाला म्हणायचं ते सांगितलंय. ज्याला वस्तू प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. दोन्ही अटी हव्यात. कंपनीला वस्तू माहीत आहे, यात शंका नाही. पण जशी आहे तशी सांगण्याची इच्छा? डार्कसाइडवाले इथेच बोट ठेवतात. म्हणतात, त्यांना महाग टायर विकायचे आहेत आणि कोर्टकचेरी टाळायची आहे. हा संशय अगदीच फुकट नाही. मात्र हेही लक्षात घ्या, की मिशलिन, ब्रिजस्टोन यांच्यासारख्या कंपन्या दोन्ही प्रकारचे टायर बनवतात, आणि कारचे टायर कितीतरी जास्त विकतात. कारचा टायर मोटरसायकलला छान चालतो असं सिद्ध करून जाहिरात करणं त्यांना धंद्याच्या दृष्टीने अशक्य नव्हतं. तरी त्या तसं करत नाहीत.

पण ‘करू नका’चा अर्थ नीट लावायला हवा. ‘आम्ही तपासून बघितलं आणि हे धोकादायक निघालं’ हे एक वाक्य. ‘आम्ही हे या कामासाठी बनवलेलं नाही आणि या जोडीने तपासलेलं नाही’ हे दुसरं. कंपनीच्या सूचनेत बहुतेक करून दुसरं वाक्य असतं, लोक ऐकतात पहिलं. मग कुणीतरी पन्नास हजार मैल सुखरूप चालवतो आणि वाटतं, कंपनी खोटी पडली. कंपनी खोटी पडलेली नसते. न तपासलेली गोष्ट अजूनही न तपासलेलीच आहे. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर बाधक मिळालं नाही म्हणजे साधक मिळालं असं होत नाही.

उपाधीचा विचार किती उपयोगी आहे हे दाखवणारं याच विषयातलं एक प्रतिउदाहरण बघा. मोटरसायकलला साइडकार जोडली, म्हणजे ‘शोले’तल्या गाडीसारखी तीन चाकांची केली, की तिच्या मागच्या चाकाला कारचा टायर लावणं ही जुनी, समजूतदार पद्धत आहे. गोल्डविंगला मागे दोन चाकं लावून तीनचाकी करतात, त्यांनाही कारचेच टायर असतात. का? कारण तीनचाकी कलत नाही. ती कारसारखी उभी राहून वळते. तिथे गोल टायरच उलट चुकीचा, मधोमध भराभर झिजणारा. म्हणजे कारचा टायर वाईट नाही, आणि ‘मोटरसायकलला कारचा टायर’ हे वाक्यही सरसकट चूक नाही. कलणं आणि चपटेपणा यांची जोडी हा खरा प्रश्न आहे. डोळे मिटून ‘नाही’ म्हणणाऱ्याला हे कधी दिसत नाही आणि डोळे मिटून ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही दिसत नाही.

आता इथपर्यंत आलो तर पुढचा प्रश्न टाळता येणार नाही. समजा पुरावा अपुरा आहे. मग माणसाने काय करावं? स्वतःचा जीव, स्वतःची गाडी, स्वतःचे पैसे, दुसऱ्यांनी नाक का खुपसावं?

१८७७ साली इंग्लंडमधले गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्यात एका जहाजाच्या मालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं, वरचेवर दुरुस्ती लागणारं. परदेशी वस्तीला निघालेली कुटुंबं त्यातून जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते, तपासून घ्यावं का? मग तो स्वतःची समजूत घालतो, की हे जहाज इतक्या सफरी सुखरूप करून आलंय, इतकी वादळं सोसलीत, यावेळीही येईल. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, मालक दोषी आहे, आणि त्याचा विश्वास प्रामाणिक होता म्हणून तो सुटत नाही, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. पुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं आहे. समजा जहाज बुडलं नसतं, तर? तरीही तो तेवढाच दोषी, फक्त त्याचा दोष उघड झाला नसता.

मोटरसायकलवाला हुबेहूब जहाजमालक आहे असं आम्ही म्हणणार नाही. जहाजमालक किनाऱ्यावर राहतो, हा स्वतः गाडीवर असतो. हा मोठा फरक आहे आणि त्याच्या बाजूने जाणारा आहे. पण गोल्डविंगची ती आरामखुर्चीसारखी मागची सीट आठवा. ती रिकामी ठेवायला बनवलेली नाही. तिथे बहुधा बायको बसलेली असते, कधी नातू असतो. पुढच्या माणसाला हँडलमधून कळत असतं, की गाडी आज जरा ओढतेय, वळणात उभी राहायला बघतेय. मागे डबलसीट बसलेल्याला हँडल नाही. त्याला माहिती नाही आणि ताबाही नाही. पुढच्याचं ‘मला काही झालं नाही’ हे मागच्याच्या वतीने दिलेलं आश्वासन ठरतं, आणि ते देण्याइतका पुरावा त्याच्याकडे नसतो. त्याशिवाय दुकानात बीड बसवणारा कामगार आहे. उद्या ती गाडी जुन्या बाजारात घेणारा आहे, ज्याला कुणी सांगितलंच नाही. समोरून येणारा आहे. विश्वास ही खासगी गोष्ट आहे असं आपण समजतो, पण त्यावर चाक फिरायला लागलं की ती खासगी राहत नाही.

सभागृहातून एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, ‘हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे याचा काय संबंध?’ योग्य प्रश्न आहे. नेमका हा प्रकार आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर शक्यच नाही. स्प्लेंडरचा मागचा टायर ८०/१००-१८ मापाचा, म्हणजे रुंदी अवघी ८० मिलिमीटर आणि रिम अठरा इंची. एवढा अरुंद कारचा टायर बाजारात नाही. पण याचाच चुलतभाऊ आपल्या गल्लीत रोज दिसतो. मूळ टायर काढून दोन मापं रुंद टायर बसवणं, गाडी भारदस्त दिसावी म्हणून. रिम तीच अरुंद. रुंद टायर अरुंद रिमवर चिमटला जातो आणि त्याचा छेद कंपनीने ठरवलेला राहत नाही. म्हणजे परत आकाराचाच प्रश्न. आणि उत्तरही तेच असतं, ‘काय होत नाय, सगळे बसवतात.’ तेव्हा आपण फक्त तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या रिमच्या रुंदीला हा टायर चालतो, असं टायर बनवणाऱ्याने म्हटलंय का? पूर्ण भार असताना, डबलसीट बसवून, तो चेन किंवा मडगार्डला घासत नाही ना? आणि ‘सगळे बसवतात’ त्यातल्या किती जणांनी पुन्हा काढून टाकला?

दुसरी चिठ्ठी आहे, ‘मग कोणता पुरावा तुम्ही मान्य कराल?’ हा प्रश्न प्रत्येक वादात विचारायला हवा, आणि आपल्याला उत्तर देता आलं नाही तर आपण हट्टी आहोत असं समजावं. आमचं उत्तर असं. सहचार मोजत बसू नका, व्यभिचार शोधा. म्हणजे टायर चालला ती उदाहरणं गोळा करण्यापेक्षा तो कुठे चालणार नाही ते मुद्दाम शोधा. तीच गाडी, तोच स्वार, दोन्ही टायर. बंद मैदानावर ओला रस्ता, वळणात ब्रेक, अचानक बाजूला टाकणं, हवा थोडी कमी, मागे पूर्ण वजन. काय होतंय ते मोजा. बीड कुठपर्यंत जागा सोडत नाही ते बघा. ज्यांनी टायर काढून टाकला त्यांना शोधून विचारा. एवढं करून कारचा टायर उत्तीर्ण झाला, तर आम्ही आनंदाने म्हणू की चालतो. हिऱ्याला मुद्दाम लोखंड लावून बघितल्यावर जे उरेल, त्यालाच ज्ञान म्हणायचं.

तोवर, स्वतःपुरता धोका पत्करणाऱ्याला आपण फार तर सावध करू शकतो. पण मागच्या सीटवर कुणाला बसवण्याआधी त्याने निदान एक वाक्य खरं सांगावं, ‘हा टायर या गाडीसाठी तपासलेला नाही, मला आजवर काही झालेलं नाही, एवढंच मला माहीत आहे.’ हे ऐकून ज्याला बसायचं तो बसेल.

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाण सविस्तर बघू. आप्त कुणाला म्हणायचं, आणि ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे त्याच्या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न आज अर्धाच सुटलाय. तिथूनच सुरुवात करू.